रुद्रप्रयागचा बिबट्या: वाचायचा की ऐकायचा?

रानवाटसरू:
काल दुसऱ्या धाग्यावर एकाने लिहिलं, "शिकारकथा ऐकणं म्हणजे दुसऱ्याने चावून दिलेला घास. वाचायचा कंटाळा असणाऱ्यांची सोय." वाचून डोकं तडकलं, म्हणून हा वेगळा धागा.

शिकारी जिम कॉर्बेटचं 'रुद्रप्रयागचा बिबट्या' हे पुस्तकच घ्या, गढवालमधल्या नरभक्षक बिबट्याची खरी गोष्ट. १९१८ ते १९२६, सरकारी नोंदीत १२५ बळी. शेवटची रात्र आठवा. रुद्रप्रयागजवळच्या गुलाबराय या ठिकाणचं आंब्याचं झाड, खाली वाटेवर घंटा बांधलेली बकरी, वर मचाणावर कॉर्बेट. काळोख इतका की खालची बकरीसुद्धा दिसत नाही. त्याला बिबट्या कळतो तो कानाने. घंटा खणखणते, तो टॉर्च लावतो, गोळी सुटते आणि टॉर्चही विझतो. लागली की नाही, हे उजाडेपर्यंत कळत नाही. ही गोष्टच मुळी कानाची आहे.

माझ्या आईला काचबिंदू आहे. तीन वर्षं झाली, तिला अक्षर लागत नाही. हे प्रकरण तिला ऐकवलं तेव्हा ती मेथी निवडत होती. घंटा वाजली आणि हात थांबले. गोळी सुटेपर्यंत ती काडी तशीच बोटांत होती. हिला कंटाळा आहे म्हणता?

जुनी_पानं:
ते वाक्य माझंच. आईंचं ठाऊक नव्हतं. त्यांच्यापुरता 'कंटाळा' मागे घेतो, बाकीचं नाही.

चौदाव्या वर्षी हे पुस्तक वाचलं, आजोळी, कंदिलावर. त्या रात्रीच्या प्रकरणाआधी पुस्तक पालथं ठेवलं आणि ओसरीवर मामांच्या शेजारी जाऊन बसलो. पुन्हा उघडायची हिंमत व्हायला अर्धा तास लागला. किती घाबरायचं आणि कधी, हे माझं मी ठरवलं. ऐकताना ते वाचणारा ठरवतो.

आणि ज्या घंटेवर तुम्ही एवढं लिहिलंत, ती मी ऐकलेल्या रेकॉर्डिंगात ऐकूच येत नाही. मागे कीबोर्डचा घुमारा, वर ढोल. कॉर्बेट श्वास रोखून बसलाय आणि इथे मिरवणूक चालली आहे.

रानवाटसरू:
पॉज दाबता येतो की. संगीताचं मात्र बरोबर आहे. आईनेही विचारलं होतं, हे मध्ये काय वाजतंय म्हणून.

मेळघाटी:
संगीताचं सोडा, माणसांच्या बोलण्याचं काय? यात्रेकरूंना आसरा देणारा तो पंडित गढवालचा. ऑडिओत तो "आवं सायब, हिकडं या" करतो. आणि डेप्युटी कमिशनर इबॉट्सन, अस्सल इंग्रज, त्याचं मराठी एकदम शुद्ध. हे कुठलं गणित?

विदर्भातल्या जंगलावरची एक थरारकथा ऐकली, त्यात वनमजुराच्या तोंडी दर वाक्याला "काहून बे". माझे बाबा धारणीकडे तीस वर्षं वनमजूर होते. घरी कोरकू, बाजारात वऱ्हाडी. जंगलात ते बोलायचेच कमी. भेकर भुंकलं की तळहात मागे करायचे, आम्ही जागच्या जागी थांबायचो. तो माणूस तुमच्या ऑडिओत बावळट होतो. वीस मिनिटांत बंद केलं.

माईकमागची:
मी अभिवाचन करते, म्हणून बोलते. आठ-नऊ तासांचं पुस्तक, पंधरा-वीस पात्रं, आवाज एकच. ऐकणारा भाजी चिरतोय, गाडी चालवतोय. पात्रं वेगळी कळायला नकोत? सपाट वाचलं की हेच लोक लिहितात, बाई बातम्या देते. मे महिन्यात पंखा-एसी बंद करून त्या खोलीत बसा, मग बोला.

मेळघाटी:
घाम सगळेच गाळतात, बाई. आमचे लोक वणवा विझवताना गाळतात. वेगळेपण दाखवायला गावचाच माणूस बरा सापडतो? साहेबाला बोबडा करून बघा, दुसऱ्या दिवशी बदलायला लावतील. कॉर्बेटने स्वतः गढवाली माणसांना साध्या, अदबीच्या इंग्रजीत बोलवलंय. त्याने त्यांची चेष्टा केली नाही आणि आपण मराठीत आणताना करतो. वऱ्हाडी म्हणजे हसायचीच बोली, हे कोणी ठरवलं?

जुनी_पानं:
इथे मेळघाटींशी शंभर टक्के सहमत. छापील पानावर तो पंडित माझ्या डोक्यात स्वतःच्या आवाजात बोलतो. माझा मुद्दा हाच होता.

रानवाटसरू:
तुमचा मुद्दा 'चावलेला घास' होता, आता बदलू नका. वाचन वाईट झालं म्हणून ऐकणंच वाईट? छापील भाषांतरं काय सगळी धड असतात?

माईकमागची:
रात्री विचार करत होते. एका पुस्तकात गुराख्याला मीही असाच हेल दिला होता. निर्माते म्हणाले "थोडं गावरान येऊ द्या", मी दिलं. ते पात्र चार दिवस गुरं शोधत रानात एकटं फिरतं, त्यात हसण्यासारखं काहीच नव्हतं. मेळघाटी, बोलण्याची पद्धत आवडली नाही तुमची, पण हे तुमचं खरं आहे. पात्र वेगळं करायला वेग पुरतो. मध्ये किती थांबायचं, तेवढं बदललं तरी माणूस बदलतो.

मेळघाटी:
तेच म्हणतो. थांबा. बाबा थांबायचे.

जुनी_पानं:
गुलाबरायच्या रात्रीचं संगीत नसलेलं रेकॉर्डिंग कोणाकडे असलं तर सांगा. दिवे मालवून एकदा ऐकून बघतो. घंटा नीट ऐकू आली, तर इथे येऊन तसं लिहीन.