मदत हवी आहे: मिरजेत अण्णा अ‍ॅडमिट, इंजेक्शनचा खर्च झेपत नाही

तासगावकर:
अण्णा (७१) मिरजेत खाजगी दवाखान्यात आहेत. लघवीचं इन्फेक्शन रक्तात गेलंय. पहिलं इंजेक्शन लागू पडलं नाही, आता भारीतलं चालू आहे, दिवसातून तीनदा. बेड धरून रोजचे १८ हजार. अजून १० दिवस म्हणतात. द्राक्षाचे पैसे व्यापाऱ्याकडे अडकलेत. हेच स्वस्तात कुठं होईल? लवकर सांगा, उद्या पैसे भरायचेत.

कृष्णाकाठ:
इंजेक्शनचं नाव? कल्चर रिपोर्ट (कोणता जंतू, कोणतं औषध चालतं तो)? किडनीचं क्रिएटिनिन? ताप आहे का अजून?

येरळा:
महात्मा फुले योजनेत बसवा. रेशनकार्ड आणि आधार घेऊन दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, आरोग्यमित्राला भेटा, ५ लाखांपर्यंत मिळतं.

तासगावकर:
हा दवाखाना योजनेत नाही.

येरळा:
मग आजच सरकारी दवाखान्यात हलवा. मिरजेचं सिव्हिल चांगलं आहे, आमच्या आईचं तिथंच झालं.

कृष्णाकाठ:
येरळा, बीपी काय आहे ते माहीत नसताना हलवा म्हणू नका.

माणदेशी:
माझ्या मेव्हण्याला औषधांना दाद न देणारा टीबी होता. सगळी औषधं सरकारी, फुकट. वर निक्षय पोषणचे महिन्याला १००० रुपये खात्यावर. जिल्हा क्षयरोग केंद्रात जा.

तासगावकर:
दादा, टीबी नाही त्यांना. रिपोर्टमध्ये ई. कोलाय जंतू, ईएसबीएल पॉझिटिव्ह, म्हणजे नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा. मेरोपेनेम चालू आहे. अमिकासिनपुढं पण एस (लागू पडेल) लिहिलंय. क्रिएटिनिन २.१.

हळदपेठ:
अमिकासिन घ्या की मग! जुनं औषध, किंमत किरकोळ.

कृष्णाकाठ:
२.१ क्रिएटिनिनला? किडनी आधीच कमजोर, त्यात अमिकासिन किडनीलाच बाधतं. किडनी गेली तर डायलिसिसचा खर्च कोण देणार? एस दिसलं म्हणून औषध ठरत नसतं.

विटा_फार्मा:
मेरोपेनेमच्या छापील किमतीत कंपनीगणिक फार फरक असतो. डॉक्टरांकडून औषधाच्या मूळ नावानं चिठ्ठी घ्या, जनऔषधीत विचारा.

माणदेशी:
औषधं लागू पडेनाशी झालीत ती पोल्ट्रीमुळं पण. कोलिस्टिनसारखं शेवटचं औषध कोंबड्यांना चारत होते, शेवटी २०१९ ला बंदी आली.

विटा_फार्मा:
आणि सर्दीला माणसं स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेतात ते? २०१४ पासून एच-१ ची वही (अशी औषधं कुणाला दिली त्याची नोंद) ठेवतोय, तरी काउंटरवर भांडतात.

वॉर्डसिस्टर:
पोल्ट्रीचं नंतर बघा. तासगावकर, तुमचं बिल औषधापेक्षा बेडनं वाढतंय. मेरोपेनेम तीनदा द्यावं लागतं म्हणून माणूस अडकून पडतो. त्याच गटातलं एर्टापेनेम दिवसातून एकदाच असतं. ताप उतरून बीपी स्थिर असेल, तर घरी राहून रोज एकदा जवळच्या दवाखान्यात घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. किडनीप्रमाणं डोस तेच ठरवतील. किती दिवस, हेही विचारा. लघवीतून रक्तात गेलेल्या अशा इन्फेक्शनला, माणूस लवकर सावरला आणि कुठं अडथळा किंवा गळू नसेल, तर ७ दिवस पुरतात असं चाचण्यांतून दिसलंय. पण पैशापायी मधेच बंद करू नका. उलटलं तर पुढची औषधं याहून कितीतरी महाग, आणि तेव्हा निवड फार थोडी उरते.

हळदपेठ:
डॉक्टरांना असं विचारलेलं चालतं का?

वॉर्डसिस्टर:
चालतं. खर्च झेपत नाही असं सरळ सांगा. लघवीची नळी आहे का त्यांना?

तासगावकर:
हो, प्रोस्टेटच्या ऑपरेशनपासून आहे.

वॉर्डसिस्टर:
हे आधी सांगायचं! नळी काढता येईल का, नसेल तर बदलली का, हे सकाळी पहिलं विचारा. जुन्या नळीत जंतू राहिले तर इन्फेक्शन परत उलटतं.

तासगावकर:
ताई, ताप कालपासून नाही. राउंड नऊला असतो, तेव्हा विचारतो.