मदत हवी आहे: लॅपटॉपवर पान नीट दिसतं, साइटवर चढवलं की मराठी-कन्नड दोन्ही अक्षरं फुटतात

नमस्कार मंडळी,

खानापूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयाचं काम मी बघते. भाच्याकडून शिकून पुस्तकांच्या यादीची साधी पानं मी स्वतःच बनवली. वर मराठी पुस्तकं, खाली कन्नड. आमच्याकडे एकाच घरात आजोबा मराठी वाचतात आणि नातवंडं कन्नड शाळेत जातात, त्यामुळे दोन्ही याद्या एकाच पानावर लागतात. भर पावसात जांबोटीकडून बस धरून यायचं आणि इथं आल्यावर कळायचं की पुस्तक बाहेर गेलंय, हे थांबावं म्हणून ही धडपड.

फाइल लॅपटॉपवर उघडली की काना-मात्रेसकट सगळं स्वच्छ दिसतं. तीच साइटवर चढवली की अक्षरांचा चुराडा. क्रोम, फायरफॉक्स, माझा फोन, भाच्याचा फोन, सगळीकडे तेच. 'वाचनालय' या शब्दाच्या जागी मी मोजली तर 21 चिन्हं आली. दर तीन चिन्हांतलं पहिलं म्हणजे डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन 'ए'. मराठी ओळीत त्याला लागून चार काटे फुटलेलं गोल चिन्ह येतं, मधूनच जपानी येनचं. कन्नड ओळीत मात्र त्याच जागी वर चढवलेला बारीक दोन, नाहीतर तीन. म्हणजे यात काहीतरी शिस्त आहे, पण मला ती उलगडत नाही.

कॅशे साफ केली, फाँट बदलला, नोटपॅडमधून फाइल परत यूटीएफ-8 (सगळ्या लिप्या साठवणारी पद्धत) म्हणून सेव्ह केली. पान कुठल्या पद्धतीत आहे ते ब्राउझरला सांगणाऱ्या मेटा ओळीतही यूटीएफ-8च लिहिलंय, अगदी वरच. तरी असं का?

गेल्या रविवारी एका आजोबांनी फोन माझ्यापुढे धरला आणि विचारलं, "बाळ, माझा चष्मा बदलायला पाहिजे काय गं?" त्या दिवसापासून चैन नाही. कुणाला माहीत असेल तर सांगा.

निपाणीकर:
ताई, फाँटला हात लावू नका. फाँट नसता तर रिकामे चौकोन दिसले असते. तुमची अक्षरं शाबूत आहेत, ब्राउझर ती चुकीच्या तक्त्यानं वाचतोय, म्हणजे कुठला आकडा कुठलं अक्षर हे सांगणारी यादीच चुकीची धरतोय. यूटीएफ-8मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं, म्हणजे फाइलमधल्या तीन आकड्यांचं असतं. 'वाचनालय'मध्ये अक्षरं आणि काने मिळून सात, सात त्रिक एकवीस. तुमची मोजणी बरोबर आहे! जुना पाश्चात्त्य तक्ता एका बाइटला एक चिन्ह मानतो, म्हणून एकाची तीन झाली. पहिला बाइट मराठी-कन्नड दोन्हींचा सारखा, म्हणून तो 'ए' सगळीकडे दिसतो. दुसऱ्या बाइटवर लिपी ठरते. देवनागरीची व्यंजनं त्या काटेरी गोलावर येतात, हलन्त, उकार, एकार येनवर. कन्नडची तशीच वाटणी दोन आणि तीनवर.

आता मूळ गोष्ट. पानासोबत सर्व्हरसुद्धा एक हेडर, म्हणजे पानाविषयीची माहिती पाठवतो, आणि त्यात कॅरसेट, म्हणजे अक्षरांचा तक्ता लिहिलेला असेल तर ब्राउझर तुमच्या मेटा ओळीपेक्षा त्याचं आधी ऐकतो. लॅपटॉपवर मध्ये सर्व्हरच नाही, म्हणून तिथं नीट दिसतं. एफ12 दाबा, नेटवर्कमध्ये जाऊन पान रिफ्रेश करा, पहिल्या ओळीवर क्लिक करून रिस्पॉन्स हेडर्समध्ये कंटेंट-टाइप काय येतंय तेवढं बघून सांगा की.

धागाकर्ती:
बघितलं दादा. तिथं आयएसओ-8859-1 लिहिलंय! मी तर हे कुठंच लिहिलं नव्हतं.

निपाणीकर:
तोच तो जुना पाश्चात्त्य तक्ता. तुम्ही नाही, तो होस्टिंगवाल्यांच्या, म्हणजे ज्यांच्या सर्व्हरवर साइट आहे त्यांच्या सेटिंगमधून आलाय. सर्व्हरवर अपाची नावाचं सॉफ्टवेअर असेल तर साइटच्या फोल्डरमध्ये डॉट एचटीअ‍ॅक्सेस नावाची सेटिंगची फाइल असते, तिच्यात 'अ‍ॅड डिफॉल्ट कॅरसेट' ही आज्ञा सलग, मध्ये जागा न सोडता लिहून पुढे यूटीएफ-8 टाका. नाही जमलं तर होस्टिंगवाल्यांनाच सांगा, त्यांचं पाच मिनिटांचं काम आहे. फाइल मात्र आता 'एएनएसआय' (नोटपॅडमधला जुना पर्याय) म्हणून सेव्ह करू नका. त्यात देवनागरीची प्रश्नचिन्हं होतात आणि ती कशानंही परत येत नाहीत.

धागाकर्ती:
झालं! एक ओळ टाकली आणि दोन्ही याद्या लख्ख दिसायला लागल्या. आजोबांना लगेच फोन करून सांगितलं की चष्मा चांगला आहे. फार उपकार झाले, दादा.

पण दोन पानं अजून तशीच आहेत. ती आमच्या आधीच्या ग्रंथपालांनी फार पूर्वी टाइप केलेली जुनी यादी आहे. तिच्यात तो रेघवाला 'ए' नाहीच, साधी रोमन अक्षरं आणि कंस, टिंबं अशी खिचडी दिसते.

चंदगडचा वाचक:
ते दुखणं वेगळं आहे, ताई. श्रीलिपी, किरण, शिवाजी असे जुने फाँट युनिकोडचे, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या सामाईक तक्त्याचे नव्हते. रोमन अक्षराच्या जागी मराठी अक्षराचं चित्र बसवलेलं असायचं. कन्नडचा भाग नुडी या कन्नड सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत असेल तर त्याचंही तेच. तो फाँट वाचकाच्या फोनमध्ये नाही, म्हणून मूळ रोमन उघडं पडतं. हेडर बदलून हे सुटणार नाही, मजकूर कन्व्हर्टरनं युनिकोडमध्ये आणावा लागेल. प्रत्येक फाँटची मांडणी निराळी, त्यामुळे आधी फाँटचं नाव हवं. पानाचा सोर्स उघडून फाँट टॅगमध्ये ते सापडतं का बघा. कन्व्हर्ट झाल्यावर रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं डोळ्यांखालून घाला, घोटाळा तिथंच होतो.

धागाकर्ती:
सोर्समध्ये फाँट टॅगच नाही हो. पण ज्या कॉम्प्युटरवर ती यादी टाइप झाली तो वाचनालयाच्या माळ्यावर झाकून ठेवलाय. सोमवारी आमची सुट्टी असते. मंगळवारी सकाळी भाच्याला घेऊन तो खाली काढते आणि त्याच्या फाँट फोल्डरमधली नावं इथं लिहिते.