नखरेल मांजरांसाठी नवं ड्राय फूड: मांजरीला विचारायचं की पाकीट वाचायचं?

दांडियाबाजारवाली
आमच्या दोघी मांजरी जे ड्राय फूड खात होत्या ते दुकानात येणं बंद झालं, म्हणून नवं शोधायला निघाले. बडोद्यात त्याची पद्धत ठरलेली दिसते. दुकानदार पोत्यांतून तीन-चार प्रकारचे सुटे दाणे पुड्यांत बांधून देतो, घरी वाट्या मांडायच्या, मांजर जिथे तोंड घालेल ते पास. माझं मत याच्या थेट उलट आहे. खाणं आपण वाचून निवडावं आणि मग मांजरीला हळूहळू वळवावं.

कारण सांगते. हे दाणे म्हणजे मांसाची पूड, धान्याचं पीठ वगैरे मिसळून, उष्णता आणि दाबाखाली साच्यातून काढलेला माल. वाळवल्यावर त्यावर चरबी आणि मांसाचा पाचवलेला अर्क फवारतात. मांजर पहिल्या हुंगण्यात पास करते ते त्या लेपाला. आत काय भरलंय ते तिला कुठून कळणार?

म्हणून पाकीट उलटं करून वाचा. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहितात, पण ते शिजवण्याआधीचं वजन असतं. ताज्या चिकनमध्ये सत्तर टक्क्यांच्या आसपास पाणीच, त्यामुळे यादीत पहिलं 'चिकन' दिसलं तरी वाळल्यावर त्यातलं फार उरत नाही. उलट 'चिकन मील' हे नाव कानाला बरं वाटत नसलं तरी तो आधीच वाळवलेला, प्रथिनांचा दाट माल. पिष्टाचा आकडा बरेच जण छापत नाहीत, तो आपण काढायचा: १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, राख (म्हणजे खनिजं) आणि ओलावा वजा करा. प्रथिनं ३०, चरबी १०, तंतू ४, राख ८, ओलावा १० असेल तर उरले ३८. म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पिष्ट. अमेरिकेतल्या आफ्को या संस्थेचं प्रौढ मांजरांसाठीचं किमान प्रमाण, ओलावा वगळून, प्रथिनं २६ टक्के आणि चरबी ९ टक्के आहे. ते किमान आहे हो, त्यावर समाधान मानायचं कारण नाही.

मांजलपूरचा बोका
ताई, गणित उत्तम. पण वाटीत पडून राहिलेल्या खाण्यातली प्रथिनं शून्य टक्के असतात.

मांजरीच्या जिभेवर स्वादकलिका पाचशेच्याही आत, आपल्याला काही हजार. गोड तर तिला लागतच नाही, त्याचं एक जनुक तिच्यात निकामी आहे. म्हणजे ती खाणं ठरवते नाकाने आणि दाताखाली कसं लागतं त्यावरून. पिल्लू असताना ज्या आकाराचे दाणे खाल्ले ते पुढे 'अन्न', बाकीचं 'काहीतरी'. गोल दाणे खाऊन वाढलेल्या मांजरीसमोर तुम्ही चपटे दाणे ठेवले आणि मागची बाजू वाचून दाखवलीत, तर ती वाटीला पाठ करून बसणार. तिची पसंती ही पण माहितीच आहे, ती तुम्ही सरळ बाद करताय.

आणि 'वळवावं' म्हणजे काय? भूक लागली की खाईल, असंच ना? कुत्र्याच्या बाबतीत एकवेळ चालेल. मांजर, त्यातून जाडी मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिली तर अंगातली चरबी यकृतात साचायला लागते आणि गोष्ट जिवावर बेतते.

दांडियाबाजारवाली
उपाशी ठेवा असं मी कुठे लिहिलं? जुन्यात पाव हिस्सा नवं, मग निम्मं, मग पाऊण. सगळे सात ते दहा दिवस सांगतात. नखरेल मांजरीला तीन आठवडे द्यावेत. जुन्याचं शेवटचं पाकीट संपायच्या आत सुरू करायचं, संपल्यावर नव्हे. नव्या दाण्यांवर चमचाभर कोमट पाणी टाकलं की वास उठतो आणि अर्धं काम तिथेच होतं. मात्र ओले केलेले दाणे तासाभरात उचलायचे.

आकाराचं म्हणणं मान्य. मग आधी वाचून दोन-तीन पाकिटं वेगळी काढा आणि त्यातलं सवयीच्या आकाराचं घ्या. पण क्रम तोच. आधी वाचन, मग वाटी.

मांजलपूरचा बोका
तीन आठवडे पाव-निम्मं-पाऊण मोजत बसायला घरी कुणीतरी हवं ना. आमच्याकडे दोघंही सकाळी नऊला बाहेर.

रावपुरा १९५८
तुम्हा मंडळींचं वाचून गंमत वाटते. आमच्या वाड्यात पाच-सहा मांजरी असायच्या. दूध-पोळी कुस्करून ताटलीत, संपला विषय. चौदा-पंधरा वर्षं जगायच्या. टक्केवारी कुणी काढली होती?

गरब्यातली मनी
काका, वाड्यातल्या मांजरी दूध-पोळीवर जगत नव्हत्या, तुमच्या वाड्यातल्या उंदरांवर जगत होत्या. दूध-पोळी म्हणजे त्यांचा चार वाजताचा चहा. टॉरिन नावाचं द्रव्य मांजरीचं शरीर पुरेसं बनवू शकत नाही, ते खाण्यातून, म्हणजे मुख्यतः मांसातून यावं लागतं. कमी पडलं तर डोळ्यांचा पडदा खराब होतो आणि हृदय फुगून निकामी होतं. हृदयाचा हा संबंध १९८७ साली कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी दाखवला. त्याआधी कंपन्यांचं तयार खाणं खाणाऱ्या मांजरीसुद्धा याने जात होत्या. नंतर कंपन्यांनी टॉरिन वाढवलं. फ्लॅटमधल्या मांजरीला उंदीर कोण आणून देणार? आणि मोठ्या मांजरींपैकी पुष्कळजणींना दूध पचतही नाही.

रावपुरा १९५८
उंदीर होते खरे. पण नखरे नव्हते, हे माझं म्हणणं राहतंच.

शाकाहारी घर, मांसाहारी माऊ
माझी अडचण वेगळी आहे. आमच्या घरात अंडंसुद्धा येत नाही आणि सोसायटीत वरच्या-खालच्या मजल्यावर सगळे जैन. ओल्या खाण्याच्या पाऊचचा वास जिन्यापर्यंत जातो. ड्राय फूड चालतं कारण ते दिसायला मांस नाही. सासूबाई त्याला 'माऊची शेव' म्हणतात आणि डबा स्वतः भरून देतात. त्यांना मागची बाजू वाचून दाखवायची माझी तरी हिंमत नाही! पण पूर्ण शाकाहारी कॅटफूड मिळतं म्हणतात. ते का नको?

दांडियाबाजारवाली
टॉरिन कृत्रिम मिळतं, ते घालता येतं. पण तेवढ्यावर भागत नाही. गाजरातल्या पिवळ्या रंगापासून आपण अ जीवनसत्त्व बनवतो, मांजर बनवत नाही, तिला ते तयार लागतं. ॲराकिडोनिक आम्लाचंही तेच, ते प्राण्यांच्या चरबीतून येतं. सगळं बाहेरून नेमकं घातलं गेलंय यावर विसंबून आयुष्यभर खिलवायचं का, हा प्रश्न आहे. मी नाही खिलवणार. माऊची शेव चालू ठेवा.

मांजलपूरचा बोका
इथे मी ताईंच्या बाजूने. एवढ्यापुरता.

करोडियाकडची बाग
तुमचा सगळा वाद दाण्यांच्या आतच फिरतोय. ड्राय फूडमध्ये पाणी दहा टक्के, पाऊचमध्ये पंचाहत्तर-ऐंशी. मांजर मुळात कोरड्या मुलखातली, तहान कमी, शिकारीतून पाणी घेणारी. मे महिन्यात इथे पारा बेचाळीसवर जातो आणि तुम्ही तिला दिवसभर कोरडे दाणे देताय. आमच्या बोक्याची लघवी अडकली होती. वारंवार मातीच्या ट्रेमध्ये जाऊन बसायचा, ओरडायचा, थेंब नाही. रात्रीच डॉक्टरांकडे नेला म्हणून वाचला. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असतो, खडे नाहीतर गाळ अडकला की दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नसते. तेव्हापासून माझं मत: बोका असेल तर 'कुठलं ड्राय फूड' हा दुसरा प्रश्न, 'किती ड्राय फूड' हा पहिला.

मांजलपूरचा बोका
मुद्दा बरोबर, पण त्याच मे महिन्यात ओलं खाणं वाटीत किती वेळ टिकणार? मांजर दिवसातून दहा-पंधरा वेळा थोडं थोडं खाते. नोकरीवरच्या माणसाने प्रत्येक वेळी नवा पाऊच फोडायचा? संध्याकाळी एक पाऊच समोर बसून संपवायचा, दिवसा दाणे, आणि घरात तीन ठिकाणी पाण्याची भांडी, खाण्याच्या वाटीपासून लांब. यापलीकडे आमच्याने होत नाही.

आणंद पास
मी प्राण्यांची डॉक्टर आहे, म्हणून एक सांगते आणि जाते. मोठं मांजर अचानक 'नखरेल' झालं तर आधी त्याचं तोंड बघा. वाटीपाशी उत्साहाने येतं, दाणा उचलतं, टाकतं, मान वाकडी करून एकाच बाजूने चावतं: हा नखरा नाही, दात किंवा हिरड्या दुखतायत. पाणी जास्त पिऊन खाणं कमी झालं असेल, वय दहाच्या पुढे असेल, तर मूत्रपिंडाची तपासणी करून घ्या. ब्रँड बदलत बसण्यात लोक महिने घालवतात आणि मग आमच्याकडे येतात. साधं ड्राय फूड दात साफ करतं हा समजही सोडा. दाणा बहुतेक वेळा दाताचं टोक लागताच फुटतो. त्यासाठी बनवलेलं खाणं वेगळं असतं.

तपासणीत काही निघालं नाही तर मात्र बहुतेक नखरेल मांजरी माझ्या मते पोट भरलेल्या असतात. नसबंदी झालेल्या, घरातच असणाऱ्या चार किलोच्या मांजरीला दिवसाला ५० ते ६० ग्रॅम दाणे पुरतात. वजन करून बघा, तेवढ्याने वाटीचा तळ जेमतेम झाकतो. लोक वाटी भरतात, वर ट्रीट देतात, आणि विचारतात खात का नाही.

गरब्यातली मनी
नवरात्रीचं पण लिहा ना. आमच्या मैदानातले स्पीकर सुरू झाले की आमची मांजरी कपाटावर, खाणं जवळपास बंद. मागच्या वर्षी त्याच आठवड्यात शेजारणीने ब्रँड बदलला आणि 'हे हिला आवडत नाही' म्हणून आख्खं पाकीट रस्त्यावरच्या मांजरींना वाटलं. उत्तरायणात, म्हणजे संक्रांतीलाही तेच होतं. त्या दिवसांत काही नवीन सुरू करू नये.

शाकाहारी घर, मांसाहारी माऊ
मग सुट्या पुड्या आणून बघण्यात तरी गैर काय? दीड किलोचं पाकीट नापास झालं तर पैसे गेलेच ना.

दांडियाबाजारवाली
सुट्या पुडीवर ना घटक, ना तारीख. पोतं कधी फोडलं कुणाला ठाऊक. श्रावणातल्या दमट हवेत दाण्यांवरची चरबी खवट होते, दाणे मऊ पडतात, आणि मांजरीला ते आपल्या आधी कळतं. तुम्ही समजता चिकनची चव आवडली नाही. सगळ्यात लहान बंद पाकीट घ्या, महिन्याभरात संपेल एवढंच, आणि दाणे डब्यात ओतायचे असतील तर पाकिटासकट ठेवा म्हणजे मागची बाजू हाताशी राहील.

मांजलपूरचा बोका
लहान पाकीट किलोमागे किती महाग पडतं ते पण वाचा मागच्या बाजूला. तीन मांजरी आहेत माझ्याकडे. मी पावसाळ्यात लहान घेईन, दिवाळीनंतर पोतंच.

दांडियाबाजारवाली
बंद पोतं घ्या, हरकत नाही. उघडं नको.