मदत हवी आहे : माग बंद पडलेत, घरात मन कसं सावरायचं?

नमस्कार मंडळी. आम्ही इचलकरंजीचे, खर्चीवाले यंत्रमागधारक. म्हणजे सूत व्यापाऱ्याचं, माग आमचे, मजुरी पिकावर, म्हणजे कापडातल्या आडव्या धाग्यांच्या हिशोबानं. घरचे आठ साधे माग, त्यातले पाच दिवाळीपासून बंद. काम मिळत नाही, मिळालं तर मजुरी परवडत नाही, लाईटबिल मात्र येतंच. शेजारच्यांनी तर माग किलोवर भंगारात घातले.

पैशाचं कसंतरी जमवू. जड जातंय ते ह्यांचं गप्प राहणं. सकाळी उठून बंद मागांनाही तेल देतात, फडक्यानं पुसतात आणि पायरीवर बसून राहतात. आम्हाला खडखडाटात झोपायची सवय. आता शांततेनं जाग येते.

कुणीतरी सांगितलं, रोज रात्री तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहा. वही आणली, तर हे म्हणाले, "उधारीची वही आहे की, तीच पुरे." हसले मी, पण नंतर दोघंही गप्प. मला स्वतःला मात्र लिहून बरं वाटतं. परवा लिहिलं : कांडीवाल्या मावशींनी (मागासाठी कांड्यांवर सूत भरून देतात त्या) राहिलेला पगार मागितला नाही, उलट डबाभर आंबील देऊन गेल्या. (हे लिहिताना लाजही वाटली, खरं सांगते.)

2020 च्या लॉकडाऊनमध्ये किंवा आधीच्या एखाद्या मंदीत ज्यांचा धंदा बसला होता, त्यांना विचारते : घरच्या माणसाला उपदेश न वाटता बोलतं कसं केलंत? आणि दहावीतल्या लेकीला किती सांगावं? "सकारात्मक राहा" एवढंच कृपया लिहू नका.