हौसा आणि अरबी एकाच घरातल्या? आफ्रो-आशियाई भाषाकुलाबद्दल शंका

निशाचर_वाचक
नायजेरिया-नायजरमधली हौसा आणि अरबी एकाच भाषाकुलातल्या आहेत असं परवा वाचलं आणि चक्रावलोच. मला वाटायचं अरबी-हिब्रू म्हणजे सेमिटिक, तो वेगळा मामला, आणि आफ्रिकेतल्या म्हणजे बांटू वगैरे. आता कळतंय की प्राचीन इजिप्शियन, सोमाली, इथिओपियातली अम्हारिक, मोरोक्को-अल्जीरियातल्या बर्बर भाषा, सगळं एकच मोठं खटलं आहे. हौसात अरबी शब्द ढिगाने आहेत हे माहितीये, पण ते इस्लामबरोबर आले असणार ना? मग उसन्या शब्दांवरून नातं जोडलंय की खरंच मूळ एक आहे? आणि असेल तर ते कुठलं, आफ्रिका की पश्चिम आशिया? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

धातुसाधित
उसन्या शब्दांवरून नातं ठरत नाही हो, नाहीतर जलसा, मजलिस, शायर, मुशायरा म्हणणारी मराठीपण सेमिटिक ठरली असती. बघायचं असतं ते व्याकरणाच्या सांगाड्यात आणि अगदी घरगुती शब्दांत. अरबीत 'तुझं' म्हणायला नामाला शेपूट लागतं, पुरुषाशी बोलताना -का, बाईशी बोलताना -की. हौसात पण पुरुषाला का आणि बाईला की! सर्वनामं सहसा कोणी उसनी आणत नाही, आणि आणली तरी लिंगभेदासकट अख्खी जोडी कशाला आणेल.

पुढचं अजून भारी आहे. अरबीत 'तो लिहितो' यक्तुबु, 'ती लिहिते' तक्तुबु, म्हणजे 'तो'साठी पुढे य आणि 'ती'साठी त. आता सोमाली बघा, 'तो आला' यिमिद, 'ती आली' तिमिद. सोमालीत हा प्रकार मोजक्याच क्रियापदांत उरलाय, पण माझ्या मते तेच जास्त बोलकं आहे, कारण नवीन उसनवारी असती तर ती अशी 'येणे'सारख्या रोजच्या चारदोन क्रियापदांत कोपऱ्यात अडकून बसली नसती. 'मरणे' घ्या, अरबी माता, इजिप्शियन म-व-त (ते स्वर लिहायचेच नाहीत), हौसा मुतु (हसू नका). जीभ म्हणजे अरबी लिसान, हिब्रू लाशोन, कॉप्टिक (इजिप्शियनचंच शेवटचं रूप) लास, बर्बर इलेस.

पुराणखोर
+१. मुळाबद्दल मी आफ्रिकेच्या बाजूने. शाखा साधारण सहा धरतात, सेमिटिक, इजिप्शियन, बर्बर, चाडिक (हौसा यातली), कुशिटिक (सोमाली यातली), ओमोटिक (इथिओपियातली), आणि यातल्या सेमिटिक सोडून पाचही आफ्रिकेतल्याच. एका झाडाच्या इतक्या जुन्या फांद्या जिथे दाटीने आहेत तिथेच खोड असणार, हा साधा हिशोब. म्हणून बरेच जण इथिओपिया ते लाल समुद्राचा किनारा नाहीतर पूर्व सहारा असं बोट दाखवतात. सहारा तेव्हा हिरवा होता, तळी होती, तो वाळत गेला तशी माणसं पांगली असं चित्र डोळ्यापुढे आणा.

वय किती म्हणाल तर दहा हजार वर्षांच्या आत कोणी फारसं येत नाही, काही जण पंधरा हजाराच्याही मागे जातात. कारण सरळ आहे, इ.स.पू. २५०० च्या आसपासची इजिप्शियन आणि मेसोपोटेमियातली अक्कादियन (ही सेमिटिक) दोन्ही लिहिलेल्या सापडतात आणि तेव्हाच त्या एकमेकींपासून एवढ्या लांब गेलेल्या आहेत की त्यांची आई त्याआधी हजारो वर्षं होऊन गेली असणार. इंडो-युरोपियन (आपल्या मराठीचं कुल) त्यामानाने अगदीच तरणं.

शंकासुर
फांद्यांची दाटी हा पुरावा म्हणून जरा कच्चाच वाटतो मला. आज सेमिटिक भाषांची सगळ्यात जास्त गर्दी इथिओपिया-एरिट्रियात आहे, म्हणून सेमिटिक तिथे जन्मली असं बहुतेक जण म्हणत नाहीत, ती अरबस्तानातून लाल समुद्र ओलांडून आली असंच मानतात. मिलितारेव्हसारखे रशियन अभ्यासक तर मूळ भाषेत शेती-पशुपालनाचे शब्द दाखवून ती पश्चिम आशियातल्या नातुफी लोकांची म्हणतात. हे पटायलाच हवं असं नाही, पण निकाल लागलाय असं समजू नये.

आणि फांद्या तरी कुठे ठरल्यात? ओमोटिक आधी कुशिटिकमध्येच धरायचे, १९६९ मध्ये फ्लेमिंग या भाषाशास्त्रज्ञाने वेगळी काढली, आणि आता काही जण म्हणतात ती या कुलातलीच नाही. कहर म्हणजे १९९५ या एकाच वर्षी मूळ भाषेच्या दोन मोठ्या पुनर्रचना (ती कशी असेल याचे अंदाज) आल्या, एक एरेटची, दुसरी ओरेल आणि स्तोल्बोवाची, आणि दोन्हींचं एकमेकांशी फारसं जुळतच नाही.

पुराणखोर
१९९५ चा मुद्दा मान्य. पण तो गोंधळ ध्वनी आणि शब्दांचा, वरची सर्वनामं आणि य/त त्याने हलत नाहीत. शेतीचे शब्द मात्र लोक पांगल्यावर एकमेकांकडून घेता येतात, म्हणून मी अजून आफ्रिकेतच :)

निशाचर_वाचक
वा, मजा आली वाचताना. एक राहिलं, जुन्या पुस्तकांत 'हॅमिटो-सेमिटिक' दिसतं ते हेच का?

धातुसाधित
हो हेच. नाव बायबलमधल्या नोहाच्या मुलांवरून, शेम आणि हाम. घोळ असा की त्यात सेमिटिक एक फांदी आणि बाकी सगळे मिळून 'हॅमिटिक' ही दुसरी असं धरलं होतं, पण त्या बाकीच्यांना आपसात जोडणारं वेगळं असं काही निघालंच नाही. वर त्यात वंशाच्या कल्पना मिसळल्या. माइनहोफ या जर्मन अभ्यासकाने तर गुरं पाळणारे म्हणून मसाई आणि फुलानी लोकांच्या भाषापण हॅमिटिकमध्ये कोंबल्या. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ ग्रीनबर्गने १९५० च्या सुमारास ते मोडीत काढून आफ्रो-आशियाई हे नाव रूढ केलं, आणि फुलानी गेली नायजर-काँगो कुलात.