सिगारेट सोडताना ऑफिसच्या ताणात मन कसं सांभाळावं? (इंदूर)

रामबागची_ताई
धाकट्या भावासाठी विचारते आहे. दिवसाला चौदा-पंधरा सिगारेटी, पहिली उठल्यावर १५ मिनिटांत, चहासोबत. ऑफिस विजयनगरला, खाली उतरलं की गुमटी (पान-सिगारेटची टपरी). सोमवारपासून बंद करायची म्हणतो. याआधी दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी चिडचिड असह्य झाली. निकोटिनच्या गमचा (तलफ कमी करायला चघळतात तो) उपयोग होतो का?

मालव_माती
ताई, सोमवार नको, शुक्रवारी रात्री शेवटची. त्रास पहिल्या तीन दिवसांत सर्वांत जास्त असतो, तो निदान शनिवार-रविवारी घरी निघेल. पुढे दोन ते चार आठवड्यांत ओसरतो.

रक्तातलं निकोटिन साधारण दोन तासांत निम्म्यावर येतं, म्हणून अस्वस्थ वाटतं. सिगारेट ओढली की तीच अस्वस्थता शमते आणि माणसाला वाटतं, ऑफिसचा ताण गेला. हे त्याला आधीच नीट समजावून सांगा, फार फरक पडतो.

आणि चहा निम्मा करा! धुरामुळे यकृत कॅफिन भराभर संपवत असतं. धूर थांबला की तेवढाच चहा जास्त चढतो: धडधड, हाताला कंप, झोप उडणं. लोक तो सिगारेट सोडल्याचा त्रास समजतात. दमा, मानसिक आजार किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा, काहींचा डोस बदलावा लागतो.

छप्पन_ते_सराफा
गमचा उपयोग होतो, पण बहुतेक जण तो चुकीचा चघळतात. उठल्यावर अर्ध्या तासात पहिली लागते म्हणजे ४ मिलिग्रॅमचा, डॉक्टरांना विचारून. हळूहळू चावायचा, झिणझिण्या आल्या की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचा. झिणझिण्या गेल्या की पुन्हा चावायचा, असं अर्धा तास. च्युइंगमसारखा भराभर चावला तर निकोटिन पोटात जातं: उचकी, मळमळ, जळजळ, आणि तलफ तशीच. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, मग अंतर वाढवत बाराव्या आठवड्यापर्यंत बंद.

आंबट तोंडात निकोटिन शोषलं जात नाही. सकाळी लिंबू पिळलेले पोहे आणि वर चहा झाला की चूळ भरून १५ मिनिटं थांबा. गम तोंडात असतानाही काही खाऊ-पिऊ नये.

रामबागची_ताई
आणि साहेब ओरडले, तलफ आली, त्या क्षणी?

मालव_माती
एक तलफ सहसा काही मिनिटांत उतरते, तेवढी टाळायची. चार सेकंद श्वास आत, सहा सेकंद बाहेर, दहा वेळा: पावणेदोन मिनिटं तिथेच गेली. वर थंड पाणी घोट घोट प्यायचं. पाच मिनिटांची सुट्टी मात्र सोडू नये, तीही मनाला हवी असते. फक्त गुमटीच्या उलट दिशेला चालावं. खिशात बडीशेप किंवा लवंग. सुपारी, पानमसाल्याचे पाऊच अजिबात नको, सुपारीनेही तोंडाचा कॅन्सर होतो.

छप्पन_ते_सराफा
महिनाभर रात्री सराफ्यातल्या खाऊगल्लीत ओढणाऱ्या मित्रांसोबत जाणं टाळावं. तरी एखादी ओढली गेलीच तर रागावू नका. कुठे, किती वाजता, कोणासोबत, एवढं लिहून ठेवायला सांगा आणि गम चालूच ठेवा. शेवटचं पाकीट फेकण्याआधी त्यावरचा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर उतरवून घ्या, समुपदेशक तिथे बोलतात. उदासी दोन आठवड्यांनंतरही हटली नाही तर डॉक्टरांना दाखवा.