‘पटलावरील’ की ‘पटलातील’ प्रथिन?

विचारणा :
बारावीच्या मुलांसाठी ऱ्होडॉप्सिनवर, म्हणजे डोळ्यातल्या प्रकाश टिपणाऱ्या प्रथिनावर, टिपण लिहिते आहे. एक वाक्य असं झालंय : ‘ऱ्होडॉप्सिन हे दृष्टिपटलातील पेशींच्या पटलावरील प्रथिन आहे.’ एकाच वाक्यात दोन पटलं! पहिलं रेटिना, दुसरं मेम्ब्रेन. दुसऱ्याला ‘आवरण’ म्हणू का?

प्रतिसाद :
ताई, ‘आवरण’ नको. आवरण म्हटलं की बाहेरून झाकणारी वस्तू डोळ्यांपुढे येते, आणि ऱ्होडॉप्सिन तर मुख्यतः पेशीच्या आत असतं. दृष्टिपटलातल्या प्रकाश टिपणाऱ्या दंडाकार पेशीत चपट्या चकत्यांची चवड असते, भाकरींची असते तशी. माणसाच्या एकेका पेशीत हजारेक चकत्या. प्रत्येक चकती म्हणजे पटलाची बंद पिशवी, पेशीच्या बाहेरच्या पटलापासून सुटी. त्या पिशवीच्या पटलात हे प्रथिन असतं. ‘पटल’च ठेवा.

मला खरं खटकलं ते ‘-वरील’. मेदाच्या दोन थरांचं हे पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाड. ऱ्होडॉप्सिनची ३४८ अमिनो आम्लांची साखळी त्यातून सात वेळा आरपार जाते, कापडात धावदोरा घालावा तशी. पटलाचा गाभा तेलकट, म्हणून साखळीचा तिथला भागही बहुतांशी पाणी टाळणाऱ्या अमिनो आम्लांचा. सात हा विषम आकडा, त्यामुळे साखळीचं एक टोक चकतीच्या आत राहतं आणि दुसरं पेशीद्रवात. सातव्या टाक्याला अ जीवनसत्त्वापासून बनलेलं रेटिनल जोडलेलं असतं. प्रकाश पडला की वाकलेलं रेटिनल सरळ होतं, टाके सरकतात, आणि पेशीद्रवाच्या बाजूला ट्रान्सड्युसिनला, म्हणजे संदेश पुढे नेणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला, बसायला खाच उघडते. संदेश पुढे जातो तो असा. आरपार असल्याशिवाय हे काम होणारच नाही!

ट्रान्सड्युसिन मात्र पटलाला एका बाजूने धरून असतं. ‘पटल-प्रथिन’ या समासात दोघंही मावतात आणि फरक दिसेनासा होतो. विभक्ती प्रत्यय तो नेमका दाखवतो. मी एकाला ‘पटलात ओवलेलं’ म्हणेन, दुसऱ्याला ‘पटलाला बिलगलेलं’.

आणखी एक प्रतिसाद :
‘बिलगलेलं’ फार आवडलं. ‘ओवलेलं’ पटत नाही. ओवलेला दोरा ओढला की निघून येतो. ऱ्होडॉप्सिन तसं निघत नाही. ते सोडवायला डिटर्जंटने पटलच विरघळवावं लागतं. ‘रुतलेलं’ही नको, काटा रुततो पण पार जात नाही. साधं ‘आरपार गेलेलं’ लिहा.

सुश्रुतसंहितेत धातू (रक्त, मांस असे शरीराचे घटक) आणि आशय (शरीरातल्या पोकळ्या) यांच्यामधल्या सीमेला ‘कला’ म्हटलंय, अशा सात कला तिथे सांगितल्या आहेत. म्युकस मेम्ब्रेनसाठीचा ‘श्लेष्मकला’ हा शब्द त्याच वाटेने आला. मेम्ब्रेनला ‘कला’ म्हटलं असतं तर दोन पटलांचा घोळच झाला नसता, पण आजच्या मुलांना त्या शब्दाने चित्रकलाच आठवेल.

विचारणारी :
‘-वरील’ मी सवयीने लिहून गेले होते. आता वाक्य असं : ‘ऱ्होडॉप्सिन हे दृष्टिपटलातील दंडाकार पेशींमध्ये, चकत्यांच्या पटलातून सात वेळा आरपार गेलेलं प्रथिन आहे.’ रेटिनासाठी दर वेळी पूर्ण ‘दृष्टिपटल’ लिहीन. नुसतं ‘पटल’ म्हणजे मेम्ब्रेन, हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते.